कोयना इलेव्हनची बारशी

आज सकाळी धुकं आलं. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बाल्कनीतून एरवी समोरच्या केरळी बाईंची कढीपत्त्याची कुंडी दिसते, तिला रोज पाणी घालणारे बाईंचे नवरोजी दिसतात. आज कुंडी नाही, नवरोजी नाहीत, बिल्डिंगच नाही. नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून कुणीतरी खोकलं, तेव्हा कळलं की माणसं आहेत, जागच्या जागी आहेत.

मुलगा बुटांच्या नाड्या बांधत होता. मी म्हटलं, "अनीश, एवढ्या धुक्यात कसली मॅच खेळणार तुम्ही?" तो मान वर न करता म्हणाला, "इट विल क्लिअर, मॉम. इट ऑल्वेज डझ." त्याच्या टीमचं नाव आहे मरीना मॉन्सून. या देशात पावसाचे चार थेंब पडले तर लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, आणि म्हणे मॉन्सून. पण टीमच्या नावांवरून हसायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही. नवरोबांच्या टीमची इतकी बारशी मी या हातांनी केली आहेत.

डिसेंबर-जानेवारीत हे असं धुकं आलं की मी पुन्हा शारजात जाते. नव्वदच्या दशकाच्या मध्यातली ती वर्षं. आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली कॅफेटेरिया, आणि शुक्रवारची सुट्टी. गॅरेजांच्या ओळीमागे एक मोकळा वाळूचा प्लॉट होता. मध्ये सिमेंटची पट्टी ओतलेली, तिच्यावर मॅटिंग अंथरायचं, खिळे ठोकायचे, टेनिस बॉलला टेप गुंडाळायची, झालं मैदान. ऑक्टोबर ते मार्च असा सीझन. बाकीचे महिने ते मैदान आम्ही उन्हाला देऊन टाकायचो. बायकांचं काम पोह्यांचं आणि चहाच्या थर्मासचं. मी स्कोअरही लिहायची, कारण पुरुषांना स्वतःच्या धावा मोजताना कधीच नीट मोजता येत नाहीत, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

सुहास माझा धाकटा भाऊ. कराडहून व्हिजिट व्हिसावर आला आणि एका बोर्ड रंगवणाऱ्या दुकानात चिकटला. अक्षर त्याचं असं सुरेख की टायपिंग सेंटरवाले मल्याळी त्याला बोलावून चहा पाजायचे. उंच, हाडकुळा, आणि तोंडाला कुलूप नाही. आल्यावर पहिल्या शुक्रवारी मैदानावर गेला आणि दुपारी घरी येऊन म्हणाला, "ताई, यांच्या टीमला नावच नाही. नुसतं 'देवधरची पोरं' म्हणतात. लाज वाटते मला." देवधर भावोजी म्हणजे कॅप्टन, ह्यांच्या ऑफिसातलेच, अकाउंट्सला होते. सुहासने त्यांना नाव सुचवलं, कोयना इलेव्हन. मुंबईकर हसले. म्हणाले, कोयना म्हणजे भूकंप. सुहास म्हणाला, "तेच तर. समोरच्याला हादरा बसला पाहिजे."

त्याने सगळ्यांचे पांढरे शर्ट आमच्या हॉलमध्ये अंथरले आणि कापडावरच्या रंगाने पुढे निळं 'कोयना' रंगवलं. पाठीवर ज्याचं त्याचं नाव. बाकी सगळ्यांना इंग्रजीत हवं होतं. याने स्वतःचं तेवढं देवनागरीत काढलं, सुहास, एवढं मोठं की लांबून वाचता यावं. म्हणाला, दिवसभर अरबी आणि इंग्रजी रंगवतो, एक तरी अक्षर आपलं असू दे. आणि मला शंभर सूचना. "ताई, उलटा करून धुवायचा. गार पाण्यात. घासायचा नाही, नाहीतर अक्षरं जातील." शर्ट त्याला आखूड झाला होता. बॉल टाकायला हात वर केला की पोट उघडं पडायचं आणि थर्मासपाशी बसलेल्या आम्ही बायका हसायचो.

धुक्याचा नियमही त्याचाच. धुकं उतरलं की खेळ थांबायचा, पण मैदान सोडायचं नाही. सोडलं तर दुसरी टीम मॅटिंग टाकून बसायची. मग आमचे अकराजण आपापल्या जागी उभे राहायचे आणि देवधर भावोजी विकेटमागून एकेकाचं नाव पुकारायचे. "कुलकर्णी." लाँग ऑनवरून आवाज यायचा, "आहे." "सावंत." "आहे." शाळेतल्या हजेरीसारखं. मला पांढऱ्याशिवाय काही दिसत नसे, फक्त चारी बाजूंनी 'आहे, आहे' ऐकू येई. सुहास मुद्दाम उशिरा ओ द्यायचा. भावोजी दोनदा हाक मारायचे, तिसऱ्यांदा चिडायचे, मग माझ्या अगदी खुर्चीमागून आवाज यायचा, "आहे की." मी दचकायची. पोहे सांडायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात टीमचं पहिलं बारसं झालं. टूर्नामेंटला स्पॉन्सर लागतो. गॅरेजवाला एक पठाण तयार झाला, पण नाव त्याच्या दुकानाचं हवं. फलक टायर्स. नवीन शर्ट द्यायची काही त्याची तयारी नव्हती, त्याने नुसत्या छापील कापडी पट्ट्या पाठवल्या. त्या कुणी शिवायच्या? अर्थात मी. मला वाटलं सुहासला वाईट वाटेल. तो मशीनजवळ मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मशीन नको मारू. हाताने कच्चा टाका घाल. खाली कोयना आहे ना, मग वरून काहीही लाव." मी कच्चे टाके घातले. ढिले, कुणी ओढलं तर सुटून येतील असे.

ह्यांच्या ऑफिसात एक अमेरिकन साहेब होते. त्यांना एकदा हे सगळं सांगितलं तर म्हणाले, यात नवल काय. त्यांच्या गावच्या बेसबॉलच्या टीमला आधी मोज्यांच्या रंगावरून नाव होतं, मग मालकाच्या आडनावावरून, मग एका पक्ष्यावरून. शेवटी मालकाने टीमच विकली आणि ती दुसऱ्याच शहरात जाऊन आणखी चौथ्या नावाने खेळू लागली. साहेबांचे वडील मात्र मरेपर्यंत रोज पेपर उघडून जुन्याच नावाचा निकाल शोधायचे. घरातले समजवायचे, ते नाव आता छापून येत नाही. म्हातारा म्हणायचा, मग आज मॅच नसेल. जुन्या अक्षराची टोपी घालूनच त्यांना पुरलं. साहेब हसत सांगत होते, असं हे म्हणाले. मला काही हसू आलं नाही. मी ह्यांना साहेबांना विचारायला लावलं, "पण मग त्या जुन्या नावाने केलेल्या धावा कुणाच्या खात्यात?" साहेब म्हणाले, त्यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात.

आमच्याकडे भांडणसुद्धा नव्हतं. टूर्नामेंटवाल्यांचा साधा हिशेब, नवं नाव म्हणजे नवी टीम. मागचं सगळं खलास. सुहासने कोयनासाठी जे काही केलं होतं ते एका कापडी पट्टीखाली गेलं.

तो जानेवारीत गेला. गुरुवार होता. रास अल खैमाला एक बोर्ड बसवायचा होता, दुकानाची पिकअप पहाटे निघाली, आणि रस्त्यावर असंच धुकं होतं. पुढची गाडी दिसली नाही एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. ह्यांनी कागदपत्रं केली, देवधर भावोजी त्याच्याबरोबर कराडला गेले. मी गेले नाही, अनीश पोटात होता आणि डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं. त्यामुळे माझ्या डोळ्यांनी मी काहीच पाहिलेलं नाही. मला वाटतं सगळी गडबड तिथूनच सुरू झाली. जे पाहिलं नाही ते मन मानत नाही, तुम्ही काहीही करा.

पुढच्या शुक्रवारी मॅच नव्हती, त्याच्या पुढच्या शुक्रवारी होती. मी घरी राहून वेडी झाले असते म्हणून गेले. त्याचा शर्ट किटबॅगेत होता. तो कुणीतरी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर चढवला, आणि मग तो सीझन संपेपर्यंत दर शुक्रवारी तो तिथे असायचा. बारावा गडी. मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. फेब्रुवारीत एका शुक्रवारी धुकं उतरलं. खेळ थांबला. देवधर भावोजींनी हजेरी सुरू केली. "कुलकर्णी." "आहे." "सावंत." "आहे." आणि सवयीने, जीभ पुढे निघून गेली, "सुहास."

 भावोजी पुढचं नाव घेईनात. मी खुर्चीत बसून वाट बघत होते. खोटं कशाला सांगू, मी खरंच वाट बघत होते, मागून आवाज येईल म्हणून. गॅरेजमध्ये कुणीतरी पाना खाली टाकला, आणि भावोजी म्हणाले, "यल्ला, चहा घ्या सगळ्यांनी." ती हजेरी पुन्हा कधी झाली नाही.

ऑक्टोबरात दुसरं बारसं. यावेळी स्पॉन्सर आमचा खालचा कॅफेटेरियावाला, नाव गोल्डन समोसा. पिवळेजर्द, चकचकीत नवे शर्ट आले. तिथल्या सगळ्याच टीमांचा एक चांगला रिवाज होता. नवे शर्ट आले की जुने धुऊन, इस्त्री करून, गठ्ठा बांधून मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमध्ये द्यायचे. इस्त्रीचा आग्रह माझा. द्यायचं तर चुरगळलेलं कशाला? पण त्या ऑक्टोबरात अनीश चार-पाच महिन्यांचा होता, रात्रंदिवस रडायचा. म्हणून सावंतांच्या बायकोने धुलाई आपल्याकडे घेतली. किटबॅग उलटी केली, बारा शर्ट निघाले, बारा धुतले, बारा गेले. देवधर भावोजींना वाटलं सुहासचा ह्यांनी काढून ठेवला असेल. ह्यांना वाटलं मी ठेवला असेल. मला वाटलं तो बॅगेत आहे, आणि बॅग भावोजींकडे आहे, म्हणजे सुरक्षित आहे. सगळ्यांनी एकमेकांवर विसंबून एवढं मोठं काम केलं.

कळलं कसं, तर जानेवारीत वर्षश्राद्धाला आईचा फोन आला. आई कमी बोलणारी. सगळं नीट झालं म्हणाली, ब्राह्मण वेळेवर आले म्हणाली, आणि मग म्हणाली, "त्याच्या सामानात सगळं आलं गं, तो खेळायचा शर्ट तेवढा आला नाही. त्याने पत्रात चित्र काढून पाठवलं होतं त्याचं. तेवढा पाठव." वर्षभरात तिने मागितलेली ती एकच गोष्ट. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि ह्यांना किटबॅग आणायला धाडलं. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच. दोन शुक्रवार मी पोहे केले नाहीत. टीम उपाशी खेळली आणि हरली, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

मग मला कोयना दिसायला लागलं. आधी एका सिग्नलला. शेजारी कामगारांची बस थांबली, एसी नसलेली, खिडक्या उघड्या, माना टाकून झोपलेली माणसं. एकाच्या छातीवर टायरवाल्याची पट्टी सुटून एका कोपऱ्याने लोंबत होती आणि आत निळं 'कोय' दिसत होतं. माझेच कच्चे टाके. पुढे कितीतरी आठवडे हे चाललं. नव्या रस्त्याच्या खड्ड्यात कुदळ मारणाऱ्याच्या अंगावर. बांबूंच्या परांचीवर, खूप उंचावर, एवढंसं पांढरं. एकाच्या पाठीवर 'सावंत' होतं, आणि सावंत तर माझ्या शेजारी गाडीत बसले होते. ते स्वतःचं नाव जाताना बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, मला कसंतरीच होतंय." ज्या नावाची टीमच उरली नव्हती ते नाव गावभर हिंडत होतं आणि सुहास त्यात कुठेच नव्हता. हे म्हणाले, "हजारो माणसं आहेत तिथे. कुठे शोधणार तू? वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं, लागलंय.

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी मी ह्यांना मुहैस्नाहला घेऊन गेले. लोक त्याला सोनापूर म्हणतात. मुंबईत सोनापूर म्हणजे स्मशान, हे मला गाडीत बसल्यावर आठवलं आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाळाला सावंतबाईंकडे ठेवलं होतं. मांडीवर डब्यात शिरा आणि बदल्यात द्यायला एक कोरा करकरीत गोल्डन समोसा. काय बोलायचं ते मी घोकून ठेवलं होतं. भैया, ये नया ले लो, वो पुराना हमको दे दो, हमारे घर का है.

कॅम्पमध्ये बाई आलेली बघून सगळे आधी थबकले आणि मग कुणीतरी धावत जाऊन खुर्ची आणली. इमारतींच्या मध्ये दोऱ्यांवर कपडे वाळत होते, उघड्यावर एक न्हावी दाढी करत होता, एकजण भिंतीला टेकून गावाला पाठवायची कॅसेट बोलून भरत होता. आणि बसच्या ओळीपलीकडे मोकळ्या वाळूत क्रिकेट चाललं होतं. अर्थात चाललं होतं. शुक्रवार होता. त्यांचा बॉलही टेपचाच होता.

हे कुणाला तरी विचारत होते की मागच्या ऑक्टोबरात आलेले पांढरे शर्ट कुणी घेतले. मी मात्र खेळ बघत होते, सवयीने मनात स्कोअर धरत होते. फटका लागला, बॉल बसच्या खाली गेला. आणि बॅटिंग करणारा जोरात ओरडला, "ए सुहास! बॉल देख!"

बसच्या मागून आवाज आला, "हाँ, है इधर."

मनातला स्कोअर तिथेच तुटला.   बसमागून एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस बॉल घेऊन निघाला, तो फेकला, आणि परत जाग्यावर जाण्यासाठी वळला. पाठीवर माझ्या भावाचं अक्षर होतं. निळं थोडं फिकुटलं होतं. बाकी तसंच.

ह्यांनी त्याला बोलावलं. तो हात शर्टाला पुसत आला. नाव रामअवध, गोरखपूरकडचा, शटरिंगचं काम करतो म्हणाला. मी विचारलं, "तो फिर सुहास क्यों बोलते हैं?" तो लाजला. "हमको तो पढ़ना नहीं आता, भाभीजी. कमीज पहनी तो लड़कों ने बताया पीछे सुहास लिखा है। तब से सब यही बुलाते हैं। फोरमैन भी। अब तो हाजिरी में भी यही चलता है।" सकाळी बस सुटायच्या आधी फोरमन नावं पुकारतो म्हणाला. कधी धुकं असलं की कोण आलं कोण नाही दिसत नाही, मग ओ द्यावी लागते.

माझ्या मांडीवर पिवळा शर्ट होता. घोकलेलं वाक्य तोंडाशी होतं. त्यानेही ओळखलं असावं, कारण तो म्हणाला, "आपके घर का है क्या? ले जाइए। धोकर देता हूँ।" आणि बटणांना हात घातला. हे माझ्याकडे बघत होते. कराडला आई वाट बघत होती, तिने एकच गोष्ट मागितली होती, आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी तो शर्ट उचलला असता तर दुसऱ्या दिवशीपासून या देशात सुहास म्हणून हाक मारायला आणि ओ द्यायला कुणीच उरलं नसतं. मला ते करवलं नाही. मी म्हटलं, "रहने दो, भैया. शिरा खाओ." डबा पुढे केला. पोरं जमली. पिवळा शर्ट कुणी घेतला ते मला आठवत नाही.

 गाडीत हे म्हणाले, "आईंना काय सांगणार?"  मला वाटत होतं मी तिचा हक्क परस्पर दुसऱ्याला देऊन आले.

गोल्डन समोसानंतर झुमुर्रुद कार्गो आलं, त्यानंतर आणखी कोण कोण. पुढे देवधर भावोजी पुण्याला परत गेले, ह्यांचे गुडघे गेले, वाळूच्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली. अनीशला मामाचं नाव माहीत आहे, फोटो माहीत आहे. मघाशी निघताना दारात थांबून त्याने विचारलं, "मॉम, व्हॉट वॉज डॅड्ज टीम कॉल्ड, ओरिजिनली?" मी सांगितलं. तो म्हणाला, "कूल नेम," आणि धुक्यात खेळायला निघाला. लिफ्टपर्यंत त्याची पावलं ऐकू आली. मग ती थांबली. मी त्याला उगीचच हाक मारली. तो म्हणाला, "आय ॲम हिअर, मॉम. व्हॉट हॅपन्ड?" काही नाही म्हटलं.

मुहैस्नाहहून आलो त्या शुक्रवारी संध्याकाळीच मी आईला फोन लावला होता. उद्यावर टाकलं असतं तर धीर सुटला असता. म्हटलं, "आई, शर्ट मिळाला. पण आणला नाही. एकजण घालतो. त्याला तिथे सगळे सुहास म्हणतात."  लाइन गेली असं वाटलं. मी दोनदा "आई, आई" केलं.

मग ती म्हणाली, "हाक मारली की ओ देतो?"

"देतो."

"बसतो ना त्याला? सुहासला आखूड झाला म्हणाली होतीस."

"अगदी मापात बसतो."

 मग तिने नाक पुसल्याचा आवाज आला, आणि तिच्या रोजच्या, कामाच्या आवाजात ती म्हणाली, "त्याला सांगितलंस का, उलटा करून धुवायचा म्हणून? गार पाण्यात. नाहीतर अक्षरं जातील."

मी नव्हतं सांगितलं. पुढच्या शुक्रवारी जाऊन सांगते, म्हटलं.